उलट्या वाटेने आलेली लस

१० मार्च २००० च्या 'सायन्स' साप्ताहिकात दोन शोधनिबंध पाठोपाठ छापून आले. पहिल्यात एका जिवाणूची संपूर्ण जनुकीय संहिता होती, २२ लाख ७२ हजार ३५१ अक्षरांची. त्या संहितेतून लसीला उपयोगी पडतील अशी प्रथिने कशी वेचली, याची हकिगत दुसऱ्यात होती. पहिल्या निबंधामागे अमेरिकेतल्या मेरीलँडमधली 'टायगर' ही जीनोम संस्था होती, तर दुसऱ्यामागे इटलीतल्या सिएना शहरातली कायरॉन कंपनीची प्रयोगशाळा. जंतू वाढवायचा, तो मारायचा किंवा दुबळा करायचा आणि मग टोचायचा, हा लसीचा रिवाज पाश्चरच्या काळापासून चालत आला होता. सिएनाच्या मंडळींनी सुरुवात केली ती संगणकावरच्या अक्षरांच्या यादीपासून. जिवंत जंतूशी गाठ पडली ती बरीच नंतर.

ही उलटी वाट कोणी हौसेने धरली नव्हती. सरळ वाटेवर तीस वर्षे दार ठोठावूनही ते उघडत नव्हते.

ज्या जंतूसाठी हा खटाटोप चालला होता, तो मेनिंगोकॉकस. व्हिएन्नाच्या आंतोन वाइक्सेलबाउम यांनी १८८७ मध्ये मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णांच्या मणक्यातल्या द्रवात तो पहिल्यांदा ओळखला. एरवी हा जंतू शांत असतो. साधारण दहा प्रौढांमागे एकाच्या नाका-घशात तो मुक्कामाला असतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. क्वचित एखाद्याच्या रक्तात तो शिरतो आणि मग सारे काही तासांत घडते. सकाळी नुसते तापाने किरकिरणारे बाळ रात्री अत्यवस्थ होते, अंगावर दाबले तरी न विरणारे जांभळे डाग उठतात. वेळेवर अँटिबायोटिक मिळूनही दहातला एखादा रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींची श्रवणशक्ती जाते, काहींची बोटे किंवा पाय कापावे लागतात.

या जंतूभोवती शर्करेच्या साखळ्यांचे एक आवरण असते. त्या शर्करेच्या प्रकारावरून त्याचे ए, बी, सी, डब्ल्यू, वाय, एक्स असे गट पाडतात. १९६० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या भरती छावण्यांत त्याचा उपद्रव वाढला आणि तोवर हमखास गुण देणारी सल्फाची औषधे त्याच्यापुढे निकामी ठरू लागली. तेव्हा वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत एमिल गॉटश्लिक, अर्व्हिंग गोल्डश्नायडर आणि माल्कम आर्टेनस्टाइन यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. ज्या जवानाच्या रक्तातला सीरम हा जंतू मारू शकतो, तो जवान आजारी पडत नाही, ही पहिली. आणि जंतूची शर्करा शुद्ध करून टोचली की रक्तात ही मारकशक्ती येते, ही दुसरी. १९६९ मध्ये त्यांचे हे निबंध प्रसिद्ध झाले. सीरम जंतूला मारतो की नाही, ही त्यांची कसोटी पुढच्या साऱ्या कथेत न्यायाधीशाच्या जागी राहिली.

शर्करेची युक्ती ए आणि सी गटांवर चालली. तान्ह्या मुलांचे शरीर नुसत्या शर्करेला नीट दाद देत नाही, म्हणून पुढे ती एखाद्या प्रथिनाला जोडून 'कॉन्ज्युगेट' लसी निघाल्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये ब्रिटनने सी गटाविरुद्धची अशी लस मुलांना द्यायला सुरुवात केली आणि तो आजार तिथे झपाट्याने ओसरला.

बी गटाने मात्र सगळ्यांना हात टेकायला लावले. फिनलंडचे युक्का फिने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याचे कारण दाखवून दिले. बी गटाच्या आवरणातली शर्करा आणि माणसाच्या गर्भावस्थेतल्या मेंदूच्या पेशींवर असणारी शर्करा रचनेने सारखीच आहे. शरीर तिला परकी मानत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध फारसे उठत नाही. ओढूनताणून उठवलेच, तर ते आपल्याच पेशींवर उलटण्याची भीती. युरोपात तान्ह्या मुलांना होणाऱ्या मेनिंगोकॉकल आजारात बी गटाचा वाटा सर्वांत मोठा होता आणि नेमका तोच लसीच्या आवाक्याबाहेर राहिला.

शर्करा वगळली तर उरतात तिच्याखालच्या पडद्यातली प्रथिने. जंतू वाढताना या बाह्य पडद्याचे बारीक फुगे सुटतात. ते गोळा करून क्यूबाने १९८० च्या दशकात लस बनवली, नॉर्वेनेही बनवली. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून बी गटाच्या एकाच वाणाची साथ लांबत गेली होती. तिथे नॉर्वेच्या पद्धतीने कायरॉनने त्या वाणापुरती लस तयार केली आणि २००४ पासून ती देशभर टोचली गेली. या लसींची अडचण एकच होती. फुग्यांतले सर्वांत प्रभावी प्रथिन, पोरिन ए, वाणागणिक बदलते. त्यामुळे एका देशातल्या साथीवर कापलेली लस दुसऱ्या देशातल्या वाणावर तोकडी पडे. ब्रिटन किंवा इटलीसारख्या देशांत एकाच वेळी अनेक वाण फिरत असत. तिथे या पद्धतीला वाव नव्हता.

दरम्यान वाट बदलली ती वेगळ्याच ठिकाणी. जुलै १९९५ मध्ये टायगरचे क्रेग व्हेंटर आणि त्यांचे सहकारी हॅमिल्टन स्मिथ यांनी हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूची पूर्ण संहिता प्रसिद्ध केली. स्वतंत्रपणे जगणाऱ्या एखाद्या जीवाची सगळी अक्षरे वाचून झाल्याची ही पहिलीच वेळ. त्यांची पद्धत अशी की सगळा डीएनए फोडून त्याचे हजारो तुकडे करायचे, तुकडे वाचायचे आणि कोणत्या तुकड्याचे टोक कोणत्या तुकड्याशी जुळते हे संगणकाला शोधायला लावून अखंड संहिता जोडायची. १८ लाख ३० हजार अक्षरांचे हे जोडकाम हाताने करणे कोणालाच शक्य नव्हते.

सिएनामध्ये रिनो राप्पुओली यांनी हा निबंध वाचला. डांग्या खोकल्याच्या विषाचे जनुक बदलून ते निरुपद्रवी करण्याचे काम त्यांच्या गटाने आधीच केले होते. त्यामुळे जनुकांत हात घालून लस करता येते, हा विश्वास तिथे रुजलेला होता. बी गटावर मात्र त्यांची सगळी डोकेफोड वाया गेली होती. जंतूची सगळी प्रथिने एका यादीत मिळाली, तर त्यांतून निवडता येईल, असा विचार करून त्यांनी व्हेंटर यांच्याशी हात मिळवला. वाचण्यासाठी निवडला तो ब्रिटनमधल्या रुग्णापासून मिळालेला एमसी५८ हा वाण. ऑक्सफर्डचे रिचर्ड मॉक्सन या कामात भागीदार होते. सिएनात कामाची धुरा मारियाग्राझिया पिझ्झा यांच्याकडे होती. मेरीलँडमध्ये संहिता जुळवणे सुरू असतानाच तिथून येणाऱ्या अर्धवट तुकड्यांवर सिएनामधले काम सुरू झाले होते.

या कामातला संगणकाचा वाटा नेमका किती होता, हे नीट पाहायला हवे. संहिता म्हणजे चार अक्षरांची न तुटणारी ओळ. जनुक कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याच्या खुणा तिच्यात असतात. प्रोग्रॅमने त्या खुणांवरून प्रथिने बनवणारी २१५८ संभाव्य जनुके काढली. मग प्रत्येकाची तुलना इतर जीवांच्या माहीत असलेल्या जनुकांशी झाली. त्यासाठी १९९० मध्ये अमेरिकेत तयार झालेला 'ब्लास्ट' हा प्रोग्रॅम जगभरच्या प्रयोगशाळांत एव्हाना रोजच्या वापरात आला होता. साखर पचवणारे, डीएनएची नक्कल काढणारे असे पेशीच्या आत घरकाम करणारे प्रथिन लसीच्या कामाचे नाही. प्रतिपिंड जंतूच्या आत शिरू शकत नाही. बाहेर जे दिसते, तेच त्याला पकडता येते.

म्हणून खरा प्रश्न होता प्रथिनाच्या पत्त्याचा. पेशीत तयार झालेल्या प्रथिनाच्या टोकाला ते कुठे जायचे याचा संकेत असतो, जणू पाकिटावरचा पिनकोड. हे दाखवून देणाऱ्या ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ मध्ये नोबेल मिळाले होते. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीला ठरावीक घडणीचा छोटा तुकडा असतो, पडद्यात रुतणाऱ्या प्रथिनात पाण्याचे वावडे असलेले पट्टे असतात, मेदाच्या आधाराने पडद्याला चिकटणाऱ्या प्रथिनात एका विशिष्ट जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल असते. अशा खुणा ओळखणारे प्रोग्रॅम सगळ्या यादीवर फिरवले गेले. शिल्लक राहिली ५७० प्रथिने, जी जंतूच्या पृष्ठभागावर असण्याचा किंवा बाहेर सोडली जाण्याचा अंदाज होता.

इथे संगणकाचे काम संपले आणि हातांचे सुरू झाले. ५७० जनुकांच्या प्रती काढून त्या ई-कोलाय या जिवाणूत घालायच्या, त्याच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचे, ते शुद्ध करायचे, उंदरांना टोचायचे, उंदरांचा सीरम घ्यायचा आणि तो मेनिंगोकॉकसवर टाकून पाहायचा. ५७० पैकी ३५० प्रथिने अशी तयार झाली. त्यांतली सुमारे नव्वद खरोखरच जंतूच्या पृष्ठभागावर आढळली. आणि १९६९ च्या त्या जुन्या कसोटीला, म्हणजे सीरमने जंतू मरतो का या प्रश्नाला, २८ उतरली. मागच्या चाळीस वर्षांत जेवढी प्रथिने हाती लागली नव्हती, तेवढी सिएनाच्या चमूने दीडेक वर्षात टेबलावर मांडली. राप्पुओली यांनी या पद्धतीला 'रिव्हर्स व्हॅक्सिनॉलॉजी' म्हटले.

या २८ मध्ये यादीतल्या क्रमांकावरून 'जीएनए १८७०' म्हटले गेलेले एक प्रथिन होते. अनेक वाणांत ते इतके थोडे असते की पडद्यातली ठळक प्रथिने वेगळी काढून तपासण्याच्या पद्धतीत ते सहज निसटावे. संहितेत मात्र भरपूर असणाऱ्या आणि तुटपुंज्या प्रथिनाचे जनुक सारख्याच स्पष्टपणे लिहिलेले असते. हे प्रथिन काय काम करते, हे निवडताना कोणालाच ठाऊक नव्हते. २००६ मध्ये त्याचा उलगडा झाला. आपल्या रक्तात फॅक्टर एच नावाचा एक घटक असतो. शरीराच्या मारक यंत्रणेने आपल्याच पेशींवर हल्ला करू नये, याची तो राखण करतो. जंतू या प्रथिनाने तो फॅक्टर एच स्वतःवर चिकटवून घेतो आणि यंत्रणेला चकवतो. प्रथिन लसीसाठी आधी निवडले गेले, त्याची खोड नंतर कळली.

मात्र इथेच या कथेतला एक प्रसंग आहे, जो संगणकाच्या कौतुकात बहुधा गाळला जातो. त्याच सुमारास अमेरिकेत वायेथ कंपनीचे शास्त्रज्ञ जुन्याच पद्धतीने काम करत होते. जंतूच्या पडद्यातली प्रथिने गटागटाने वेगळी करायची, प्रत्येक गट उंदरांवर तपासायचा आणि सीरम जिथे जंतू मारतो तो गट आणखी बारीक करत जायचे. चिकाटीने ते ज्या प्रथिनाशी पोचले, ते होते नेमके हेच. त्यांनी त्याला वेगळे नाव दिले. त्यावर आधारलेल्या 'ट्रुमेन्बा' या लसीला ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तोवर वायेथ फायझरमध्ये विलीन झाली होती. म्हणजे एकाच दाराशी दोन वाटा पोचल्या. संगणकाच्या वाटेचा फायदा असा की तिने या एका दाराबरोबर आणखी सत्तावीस दारे दाखवली.

२००६ मध्ये सिएनाच्या गटाने पाच प्रथिनांची एकत्र लस प्रसिद्ध केली. जगभरातून गोळा केलेल्या ८५ वाणांवर ती तपासली, तेव्हा नेहमीच्या अॅल्युमिनियम संयुगाबरोबर दिल्यास उंदरांचा सीरम ७८ टक्के वाणांना मारत होता. आकडा चांगला होता, पुरेसा नव्हता. म्हणून पुढे आणखी एक घटक त्यात आला, तो म्हणजे न्यूझीलंडच्या लसीतले फुगे. पाच प्रथिनांपैकी चार एकमेकांना जोडून दोन केली गेली, एक स्वतंत्र राहिले, आणि त्यांच्यासोबत हे जुने फुगे. ही लस म्हणजे 'बेक्सेरो'. संगणकाने शोधलेली म्हणून जगभर गाजलेल्या लसीत एक घटक असा आहे, जो संगणक नसतानाही तयार झाला असता.

दरम्यान कायरॉन २००६ मध्ये नोव्हार्टिसकडे गेली, आणि नोव्हार्टिसचा लसींचा व्यवसाय २०१५ मध्ये जीएसकेकडे. जानेवारी २०१३ मध्ये युरोपने बेक्सेरोला परवाना दिला. सायन्समधल्या निबंधाला तेव्हा तेरा वर्षे होत आली होती. ती २८ प्रथिने शोधायला दीडेक वर्ष लागले होते. लस टोचल्यावर बाळांना किती ताप येतो, इतर लसींबरोबर ती चालते का, कोणत्या देशातल्या किती वाणांवर ती लागू पडेल, ही उत्तरे मिळवण्यात बाकीची बहुतेक वर्षे गेली.

२०१३ मध्येच अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात बी गटाचे रुग्ण एकामागून एक निघाले. अमेरिकेत लसीला तेव्हा परवाना नव्हता. तरी तिथल्या औषध नियामकाने विशेष परवानगी दिली आणि डिसेंबर २०१३ मध्ये पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ती टोचली गेली. लस घेतलेल्यांपैकी कोणी आजारी पडले नाही. अमेरिकेचा रीतसर परवाना जानेवारी २०१५ मध्ये आला.

ब्रिटनमध्ये पेच पैशांचा होता. एका डोसची छापील किंमत ७५ पौंड. जुलै २०१३ मध्ये तिथल्या लसीकरण समितीने हिशोब मांडून सांगितले की खर्चाच्या मानाने फायदा पुरेसा नाही. आईबापांच्या संघटना आणि डॉक्टर उठले, हिशोबातली गृहीतके पुन्हा तपासली गेली, मार्च २०१४ मध्ये समितीने निर्णय फिरवला आणि किमतीवर घासाघीस झाली. सप्टेंबर २०१५ पासून ब्रिटनने दोन, चार आणि बारा महिन्यांच्या बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. असे राष्ट्रीय पातळीवर करणारा तो जगातला पहिला देश. पुढच्या तीन वर्षांत लसीस पात्र वयोगटात बी गटाचे रुग्ण अपेक्षेपेक्षा ७५ टक्क्यांनी कमी झाले, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच २०२० मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ३५ हजार शाळकरी मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला आणि तो निराश करणारा होता. लस घेतलेल्यांच्या घशातून हा जंतू हटत नव्हता. म्हणजे लस टोचलेल्याचे रक्षण होते, त्याच्या शेजाऱ्याचे होत नाही. घशातल्या ओल्या त्वचेवर काय घडेल, हे ना संहिता सांगू शकत होती, ना उंदराचा सीरम. उलट अनपेक्षित लाभही एक झाला. परम्याचा जंतू हा मेनिंगोकॉकसचा सख्खा नातलग. न्यूझीलंडच्या जुन्या लसीने परम्यापासून सुमारे ३१ टक्के संरक्षण दिल्याचे २०१७ मध्ये दिसले. ऑगस्ट २०२५ पासून इंग्लंडमध्ये परम्याचा जास्त धोका असलेल्या लोकांना बेक्सेरो दिली जाऊ लागली आहे.

या साऱ्या काळात याच जंतूची दुसरी लस पुण्यात घडत होती, आणि तिची वाट अगदी वेगळी होती. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात ए गटाच्या साथी दर काही वर्षांनी येत. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पात सीरम इन्स्टिट्यूटने ए गटाची कॉन्ज्युगेट लस बनवली. अट होती की डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत राहिली पाहिजे. शर्करा आणि प्रथिन जोडण्याचे तंत्र अमेरिकी औषध नियामकाच्या प्रयोगशाळेतून आले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत 'मेनॲफ्रिव्हॅक' टोचायला सुरुवात झाली आणि त्या पट्ट्यात ए गटाच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. २०२४ मध्ये नायजेरियात सीरम इन्स्टिट्यूटचीच ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांवरची 'मेनफाइव्ह' लस आली. तिच्यात बी गट नाही. कारण बी गटासाठी शर्करेची स्वस्त वाट आजही बंदच आहे. ज्या जंतूवर जुनी पद्धत चालते, तिथे तीच मोठ्या लोकसंख्येला परवडते. संगणकाची गरज तिथे पडली, जिथे दुसरा उपाय नव्हता.

सिएनानंतर ही वाट पुढे गेली. संहितेतली अक्षरे वाचण्यापलीकडे प्रथिनाचा त्रिमितीय आकार संगणकावर बदलून पाहणे सुरू झाले. करोनाची संहिता जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली आणि मॉडर्नाच्या लसीचा आराखडा काही दिवसांत ठरला, कारण काटेरी प्रथिन हव्या त्या आकारात अडकवून ठेवायला कोणती दोन अमिनो आम्ले बदलायची, हे त्याच्या चुलतभावांवर आधीच अभ्यासून ठेवलेले होते. सिएटलच्या डेव्हिड बेकर आणि नील किंग यांच्या प्रयोगशाळेत संगणकावर रचलेल्या प्रथिन-कणांवर उभी असलेली करोना लस जून २०२२ मध्ये दक्षिण कोरियात मंजूर झाली. बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

सिएनाचा हिशोब मात्र अजूनही उपयोगी आहे. २१५८ मधून ५७० संगणकाने काढली. ५७० मधून २८ उंदरांच्या सीरमने ठरवली. त्या २८ मधून पाच निवडायला वाणांचा संग्रह आणि वर्षे लागली, आणि ती पाचही पुरली नाहीत तेव्हा न्यूझीलंडचे फुगे घ्यावे लागले. संगणकाने शोध रुंद केला आणि सुरुवातीची वर्षे वाचवली, एवढे श्रेय त्याला निःसंशय द्यावे. संगणकाने औषध किंवा लस शोधल्याची बातमी यापुढे वाचाल, तेव्हा हा शोध यादीच्या कोणत्या पायरीवर आहे आणि त्यापुढची चाचणी कोणी, किती जणांवर केली, हे दोन प्रश्न जरूर विचारा.